घरातलं एकमेव मत आणि न्यू रॉसचं जहाज

२०२०च्या उन्हाळ्यात आयर्लंडमधली सगळी माणसं स्वतःच्याच देशात फिरायला निघाली होती. कोविडमुळे विमानं नावापुरती उडत होती. पुण्याला जावं तर परत येता येईल याची खात्री नव्हती. दर ऑगस्टात स्पेनच्या किनाऱ्यावर पडून राहणारी आमची डब्लिनच्या ॲडम्सटाउनमधली शेजारीण यंदा रबरी बूट घालून केरीच्या पावसात गेली होती. आम्हीही निघालो. फरक एवढाच, की बाकीच्यांना समुद्र बघायचा होता आणि मला अमेरिका.

आयर्लंडमध्ये राहून अमेरिका कशी बघायची, ते सांगते. पण आधी घरची माणसं सांगायला हवीत, नाहीतर पुढचं भांडण कळायचं नाही. मी पुण्यात कायदा शिकले. आता बॉल्सब्रिजमधल्या एका ऑफिसात कॉम्प्लायन्सचं काम करते, म्हणजे लोक नियम पाळतात की नाही ते बघते. उरलेल्या वेळात अमेरिकेच्या राज्यघटनेवर मराठीत पुस्तक लिहिते. याला माझा नवरा उन्मेष उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतो. तो स्वतः चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे. आणि आमची एकुलती एक रेवा. उन्मेष न्यू जर्सीत नोकरीला होता तेव्हा तिचा जन्म झाला, आणि ती तीन वर्षांची असताना आम्ही इकडे आलो. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते इंग्रजीत, तेही अस्सल डब्लिनच्या हेलात. तिचं बोलणं मी इथं मराठीतच देते आहे, तिला विचारून.

आता मुद्दा. मी आणि उन्मेष अजून भारताचे नागरिक. भारतात मत द्यायचं तर मतदानाच्या दिवशी तिथं जातीनं हजर पाहिजे. आयर्लंडमध्ये परदेशी नागरिकाला स्थानिक निवडणुकीपुरतं मत आहे, त्यापुढे नाही. रेवा मात्र जन्मानं अमेरिकन. जूनमध्ये ती अठरा वर्षांची झाली आणि नोव्हेंबरात अमेरिका आपला राष्ट्राध्यक्ष निवडणार होती. म्हणजे घटनेवर पुस्तक लिहिणारी मी कोरडीच, आणि घरातलं एकमेव मत जिच्याकडे होतं तिला ते नको होतं.

"मी तिथं राहत नाही, मला तिथलं काही आठवत नाही. मी आयरिश आहे. अमेरिका ही माझ्या पासपोर्टातली चूक आहे," असं ती जूनपासून म्हणत होती. मी दर जेवणाला तिच्यासमोर घटनेचं एकेक कलम वाढत होते आणि ती ताट सरकवून उठत होती. माझ्या जिवाला खरंच घोर लागला होता. ज्या हक्कासाठी माणसं मेली तो माझी मुलगी खुंटीला टांगून ठेवणार, हे मला बघवत नव्हतं.

तर सहलीचा बेत असा होता. वेक्सफर्ड परगण्यातलं न्यू रॉस हे गाव. एकोणिसाव्या शतकातल्या बटाट्याच्या दुष्काळात हजारो माणसं तिथल्या धक्क्यावरून अमेरिकेला गेली. त्यातल्या एका पिंपं बनवणाऱ्या कारागिराचा पणतू पुढं अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. तिथं एक मुक्काम, आणि परतताना किलकेनीतलं कॅलन, जिथल्या एका शेतकऱ्याच्या पोरानं व्हाइट हाउसचा आराखडा काढला. रेवा यायला तयार झाली ती घरात बसून कंटाळल्यामुळे. तिची शाळेची शेवटची परीक्षा रद्द झाली होती, शिक्षकांच्या अंदाजावर गुण मिळणार होते आणि निकाल लागायचा होता.

आमच्याबरोबर नासची शलाका येणार होती, माझी शाळेपासूनची मैत्रीण, तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. पण ऐनवेळी तिचा किल्डेअर परगणा रुग्ण वाढल्यामुळे बंद झाला. आत जायचं नाही, तिथल्यांनी बाहेर पडायचं नाही. परगण्यातून गाडी नेता येईल, पण थांबायचं नाही, असा नियम. शलाका फोनवर म्हणाली, "तुम्ही जा गं. मी इथं बसून तुमच्या फोटोंना लाइक देते."

शनिवारी सकाळी निघालो. जाणाऱ्यांसाठी सांगते, ॲडम्सटाउनहून एम-५० दक्षिणेकडे, मग एम-११ धरून सरळ एनिस्कॉर्थीपर्यंत. या वाटेवर टोल नाही आणि रस्ता लोण्यासारखा. पुढं एन-३० हा जुना, वळणावळणाचा रस्ता आहे. समोरून येणारा प्रत्येक शेतकरी स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून सलाम करतो. उन्मेष पहिल्यांदा गोंधळला, मग त्यालाही चटक लागली आणि तो थांबलेल्या ट्रॅक्टरलाही बोट दाखवायला लागला.

घोटाळा झाला तो विकलोच्या डोंगरांच्या आसपास. आमचा सासरचा फॅमिली ग्रुप आहे. सांगलीचे आप्पा, म्हणजे माझे सासरे, त्याचे मुख्य. ठाण्याचे काका, नागपूरची नणंद, पोरंबाळं धरून सगळे त्यात आहेत. आदल्या रात्री उन्मेषनं गमतीत त्यावर टाकलं होतं, 'आपल्या घरात अमेरिकेचं एक मत आहे. रेवानं कुणाला द्यावं? एका पक्षासाठी लाल हृदय, दुसऱ्यासाठी निळं.' झालं! रात्रभर हृदयांचा पाऊस. काकांनी लालच्या बाजूनं निबंध लिहिला, नणंदेनं निळ्याच्या बाजूनं तीन व्हिडिओ टाकले. मीही निळं की लाल असं एक हृदय टाकलं होतं, कोणतं ते आता सांगत नाही. सकाळी आप्पांनी निकाल जाहीर केला, 'बहुमताने ठरले आहे. चि. रेवाने त्याप्रमाणे मतदान करावे. आशीर्वाद.'

रेवा मागच्या सीटवर फोन वाचत होती. तिनं तो उलटा करून मांडीवर ठेवला.

"बाबा, हे मत कुणाचं आहे?"

"तुझंच गं. गंमत चालली आहे."

"मग मला सोडून सगळ्यांना का विचारलं?"

मी म्हटलं, "आपल्याकडे लग्न असो की गाडी, सगळ्यांना विचारायची पद्धत असते, त्यात प्रेम असतं." ती म्हणाली, "ग्रँड," म्हणजे इथल्या बोलीत ठीक. "मग सगळ्यांनी मिळून ते मत द्या. मी देणार नाही. हे माझं शेवटचं." आणि कानात इअरफोन घातले. पुढच्या तासाभरात गाडीत फक्त नकाशावाली बाई बोलत होती.

न्यू रॉसला नदी रुंद आहे, तपकिरी आणि शांत, आणि धक्क्यावर तीन डोलकाठ्यांचं जहाज उभं आहे. ते मूळ जहाज नव्हे, त्याच मापाची प्रतिकृती. तिकीट आधी ऑनलाइन काढा, कारण तेव्हा एका वेळी थोडीच माणसं आत सोडत होते. मास्क लावूनच आत जायचं. प्रत्येकाच्या हातात खरोखर गेलेल्या एकेका प्रवाशाच्या नावाचं तिकीट देतात.

जिना उतरून जहाजाच्या पोटात गेलो. मी या लोकांबद्दल किती वाचलं होतं, लिहिलंही होतं! पण मान ताठ करता येणार नाही एवढं ते छत, आणि एकावर एक अशा फळ्या. एका फळीवर एक अख्खं कुटुंब. वादळ आलं की वरची झाकणं बंद. आणि अशा अंधारात दीड-दोन महिने. आमची गाइड, लांब झगा आणि त्यावर मास्क घातलेली मुलगी, म्हणाली, "यातल्या बऱ्याच जणांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पलीकडे पोचल्यावर मात्र पाच वर्षांनी ते मत देऊ शकत होते. आणि इथं, ज्या देशात ते जन्मले तिथं, त्यांच्यासारख्या कुळांना मत नव्हतं."

मी रेवाकडे बघितलं. मला वाटलं, घे! पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती त्या गाइडला विचारत होती, "आणि त्याच वेळी तिथं जे गुलाम होते, त्यांना?"

"त्यांना नव्हतं," गाइड म्हणाली.

वर डेकवर आल्यावर रेवानं मला सगळं पहिल्यांदा नीट सांगितलं. मे महिन्यात मिनियापोलिसमध्ये एका काळ्या माणसाच्या मानेवर पोलिसानं गुडघा दाबून ठेवला आणि तो गुदमरून मेला, तेव्हापासून ती अस्वस्थ होती. बॉल्सब्रिजला अमेरिकन वकिलातीसमोर मोर्चा झाला त्यातही ती गेली होती. "आई, तूच मला शिकवलंस की माझं नागरिकत्व घटनेतल्या एका वाक्यामुळे आहे. ते वाक्य गुलामीतून सुटलेल्यांसाठी लिहिलं. त्यांची पतवंडं आज तासन्‌तास रांगेत उभी राहतात मत द्यायला. आणि मी इथं सोफ्यावर बसून देऊ? मला ते चोरल्यासारखं वाटतं."

मला वाटत होतं, पोरगी आळशी आहे. आणि ती त्या वाक्याचा माझ्यापेक्षा जास्त विचार करत होती. मला तिचा अभिमान वाटला आणि काळजी दुप्पट झाली, कारण आळसावर उपाय असतो, तत्त्वावर नसतो.

ज्यांना ते वाक्य माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एकदा असा निकाल दिला, की काळा माणूस स्वतंत्र असो वा गुलाम, तो या देशाचा नागरिक होऊच शकत नाही. मग यादवी युद्ध झालं, लाखो माणसं मेली, आणि ती शाई पुसायला घटनेत चौदावी दुरुस्ती आली, की इथं जो जन्मला आणि इथल्या कायद्याखाली आहे, तो इथला नागरिक. पुढं सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला, चिनी आईबापांचा एक स्वयंपाकी चीनला जाऊन परत आला, तर त्याला बंदरावर अडवलं. तो कोर्टात गेला आणि जिंकला. वाक्यात 'काळा' लिहिलेलं नव्हतं, 'जो कोणी' असं लिहिलेलं होतं, म्हणून जिंकला. त्या 'जो कोणी'मध्ये शंभराहून जास्त वर्षांनी न्यू जर्सीच्या हॉस्पिटलातली आमची अडीच किलोची पोर मावली. आपल्या घटनाकारांनीही मूलभूत हक्क लिहिताना अमेरिकेकडे बघितलं आणि मार्गदर्शक तत्त्वं लिहिताना आयर्लंडकडे. कायदा लिहिणाऱ्याला कल्पनाही नसते की त्याच्या छत्रीखाली उद्या कोण येऊन उभं राहील. याचा मला आजही अचंबा वाटतो.

धक्क्यावरच एक ज्योत जळते. ती त्याच कारागिराच्या पणतूच्या, पुढं गोळी घालून मारल्या गेलेल्या राष्ट्राध्यक्षाच्या, अमेरिकेतल्या समाधीवरच्या ज्योतीवरून पेटवून इथं आणली आहे. त्याचे पणजोबा गेले ते याच वाटेनं, ज्योत आली तीही याच वाटेनं. आम्ही तिघं वाऱ्यात उभे राहिलो. भांडण तसंच होतं.

दुपारी गावाबाहेर त्या पणजोबांचं घर बघितलं. गाडीनं पंधरा-वीस मिनिटं, रस्ता इतका अरुंद की दोन्ही बाजूंच्या झुडपांनी आरसे पुसून निघतात. घर म्हणजे शेतावरचा गोठा आणि पडव्या. अजून त्याच कुटुंबाची माणसं तिथं आहेत. जगातल्या सर्वांत ताकदवान खुर्चीचा रस्ता या चिखलातून निघाला, हे डोळ्यांनी बघूनही पटत नव्हतं.

संध्याकाळी पबमध्ये जेवलो. त्या दिवसांत पबला उघडायचं तर प्रत्येक गिऱ्हाइकाला किमान नऊ युरोचं 'भरीव जेवण' द्यावं लागे. भरीव म्हणजे काय, यावर मी शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याशी रंगात येऊन वाद घातला. तो म्हणाला, "सूप भरीव नाही, पण सूपबरोबर सँडविच असेल तर आहे. युअर मॅन बारमागचा सांगेल तो कायदा." इकडे 'युअर मॅन' म्हणजे 'तो गडी'. त्या गड्यानं आम्हाला मासे-चिप्स भरीव ठरवून दिले. चव चांगली, तिघांचे चाळीसच्या आत.

राहिलो ते गावाच्या टेकाडावरच्या एका घरगुती बेड अँड ब्रेकफास्टमध्ये. मालकीण नोरीन, सत्तरीची, तोंडासमोर प्लास्टिकची काच लावून हिंडणारी. तिघांचे नाश्त्यासकट सव्वाशे युरो, आणि अंघोळीचं पाणी कडकडीत. रविवारी सकाळी तिनं अंडी आणि तळलेले टोमॅटो आणून ठेवले आणि विचारलं, "मूळचे कुठले तुम्ही?"

"लूकन," रेवा म्हणाली, म्हणजे आमचं डब्लिनचंच उपनगर.

नोरीन इतकी हसली की काचेवर वाफ आली. "बरोबर उत्तर! आणि आईबाप?"

मी इंडिया म्हटलं, आणि मग आम्ही अमेरिका बघायला आलोय हेही सांगितलं. तिच्या दृष्टीनं त्यात नवल काही नव्हतं. तिच्या आजीचे तीन भाऊ बॉस्टनला गेले होते. आता तिचा मुलगा टोरांटोला आहे.

"तो तिथून इथं मत देतो?" रेवानं विचारलं. मी चहाचा कप खाली ठेवला.

"छे गं! परदेशी जाऊन दीड वर्ष झालं की आमच्याकडे मत जातं. दोन वर्षांपूर्वी गर्भपाताचं सार्वमत झालं ना, तेव्हा त्याचे शेवटचेच काही आठवडे उरले होते. तर हा पठ्ठ्या विमानात बसून आला. शुक्रवारी मत दिलं, रविवारी परत. डोळे असे सुजलेले. मीच गाडीनं शाळेत नेलं, दोघांनी मत दिलं, येताना चिप्स खाल्ले."

"मग कोणत्या बाजूनं दिलं त्यानं?" उन्मेष म्हणाला.

नोरीननं त्याच्याकडे असं बघितलं की जणू त्यानं तिचं बँकेचं पुस्तक मागितलं. "मला काय माहीत? मी विचारलं नाही. त्यानं मला विचारलं नाही. घरात तेव्हा भांडणं करायची असती तर छप्पर उडालं असतं. बहुतेक उलटसुलट देऊन आम्ही एकमेकांची मतं कापली." ती आमचा टोस्ट आणायला वळली आणि वळता वळता म्हणाली, "तरी मी त्याला नेलं. पाऊस होता ना."

या बाईनं आपल्या विरुद्ध जाणारं मत स्वतः गाडी चालवून पेटीपर्यंत पोचवलं होतं, आणि तिला त्यात विशेष काही वाटत नव्हतं. मी गुप्त मतदानावर अख्खं प्रकरण लिहिलंय. अमेरिकेत ते फार उशिरा आलं, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. त्याआधी प्रत्येक पक्ष आपापला कागद छापायचा, बऱ्याचदा वेगळ्या रंगाचा. जहाजातून उतरलेल्या या आयरिश माणसांच्या हातात मोहल्ल्याचा पुढारी कागद ठेवायचा आणि पेटीशेजारी उभा राहून बघायचा, कोणत्या रंगाचा कागद पडतो ते. ज्यानं नोकरी लावून दिली, खोली मिळवून दिली, तोच बघत उभा. प्रेमही असायचं त्यात, पुष्कळ असायचं. हे मी लिहिलं होतं, आणि फॅमिली ग्रुपवर लाल-निळी हृदयं पडताना मला ते एकदाही आठवलं नव्हतं.

"उन्मेष," मी मराठीत म्हटलं, "आपण रंगीत कागद वाटले रे."

त्याला लगेच कळलं, कारण ते प्रकरण त्यानं दोनदा टाइप केलंय. तो लाजला. तिथंच फोन काढून त्यानं ग्रुपवर लिहिलं, 'कालचं सर्वेक्षण रद्द. मत रेवाचं आहे. कृपया कोणी सल्ला देऊ नये.' आप्पांचं उत्तर मिनिटात आलं, 'निकाल लागल्यावर रद्द कसे करता येईल?' रेवानं ते वाचलं आणि कालपासून पहिल्यांदा हसली.

कॅलन न्यू रॉसहून तासाभरावर. मधली गावं झोपलेली होती, आदल्या आठवड्याच्या वादळानं पडलेल्या फांद्या रस्त्याकडेला रचून ठेवल्या होत्या. गावाबाहेर त्या वास्तुरचनाकाराचं छोटं स्मारक आहे. फुकट, आणि आम्ही गेलो तेव्हा तिथं चिटपाखरू नव्हतं. सुतारकाम शिकलेला, कुळाचा पोर. डब्लिनला जाऊन बांधकाम शिकला, अमेरिकेला गेला आणि राष्ट्राध्यक्षाच्या घराची स्पर्धा जिंकला. डब्लिनमधल्या ज्या सरदारी वाड्यात आज आयर्लंडची संसद भरते, त्याच्यासारखंच ते घर दिसतं असं म्हणतात. वाडा सरदाराचा, आराखडा कुळाच्या पोराचा, आणि राहायला दर चार वर्षांनी लोक ठरवतील तो. मी हे सगळं उन्मेषला मोठ्या आवेशात सांगत होते.

"दगड कोणी वाहिले?" रेवानं मागून विचारलं.

"गुलामांनीही वाहिले," मी म्हटलं. "त्यांच्या मजुरीचे पैसे मालकांना मिळायचे."

ती दगडाच्या कठड्यावर बसली. बराच वेळ गवत उपटत राहिली. मग म्हणाली, "ते वाक्य त्यांच्या मुलानातवंडांसाठी लिहिलं. ठीक. मग मी ते न वापरणं हा त्यांचा मान आहे की अपमान?"

मी वकील आहे. माझ्याकडे याचं उत्तर होतं, दोन दाखल्यांसकट. जिभेवर आलं होतं. उन्मेषनं माझ्याकडे बघितलं आणि मी ओठ मिटले. आयुष्यात इतकं जड मौन मी पाळलेलं नाही. तिनंही उत्तराची वाट बघितली नाही. ती उठली, कपडे झटकले आणि गाडीत जाऊन बसली.

परतीचा रस्ता एम-९, सरळ आणि मोकळा. कार्लो गेल्यावर ती अचानक म्हणाली, "जर्सीत आपण कुठं राहायचो? पत्ता काय?"

परदेशातल्या अमेरिकन मतदाराला नाव नोंदवताना अमेरिकेतला आपला शेवटचा पत्ता द्यावा लागतो. तिनं ते शोधून काढलं होतं. मी काहीच न समजल्यासारखं दाखवत पत्ता सांगितला, घर नंबर, रस्ता, गाव. आवाज जरा कापला असावा, कारण ती म्हणाली, "आई, कूल. फक्त पत्ता विचारलाय."

किल्डेअर आलं. पोटात कावळे ओरडत होते, पण थांबायचं नाही. मी शलाकाला फोन केला. नासजवळ हमरस्त्यावरच्या पुलावर ती उभी होती, लाल ओढणी डोक्यावर फिरवत, दुसऱ्या हातात डबा. "कोथिंबिरीच्या वड्या आहेत गं," ती स्पीकरवर ओरडली, "बघा आणि जा!" आम्ही हॉर्न वाजवत तिच्या खालून गेलो. उन्मेष म्हणाला, "एक मिनिट थांबलो असतो तर कोणाला कळणार होतं?" मागून रेवा म्हणाली, "शलाकामावशीला कळलं असतं. ती कोविड वॉर्डात काम करते."

सप्टेंबरात रेवाचा शाळेचा निकाल लागला, तिला हवा तो कोर्स मिळाला. थोड्याच दिवसांत डब्लिनची वेसही बंद झाली आणि आमचं जग पुन्हा ॲडम्सटाउनएवढं झालं. ऑक्टोबरात तिची पोस्टाची मतपत्रिका आली आणि एका शनिवारी ती म्हणाली, "आज मी ते करणार आहे." उन्मेषनं तोंड उघडायच्या आत मी त्याचं जाकीट त्याच्या हातात दिलं. आपल्याकडे मतदान केंद्राच्या शंभर मीटरच्या आत प्रचार चालत नाही, आणि आमचं घर काही शंभर मीटर लांब नाही.

आम्ही दोघं पावसाच्या बुरबुरीत स्टेशनपर्यंत चालत गेलो. रिकामी ट्रेन आली आणि रिकामीच गेली. उन्मेष म्हणाला, "तुला काय वाटतं, कुणाला देईल?" आणि माझ्या लक्षात आलं, मला खरंच माहीत नाही. तिला ताप येणार हे मला आदल्या दिवशी कळायचं. तिचं कोणाशी वाजलं हे जिन्यावरच्या पावलांवरून कळायचं. आणि आता माझ्याच स्वयंपाकघरात ती एक गोष्ट करत होती जी मला कधीच कळणार नव्हती, आणि ती तशीच असावी म्हणून कित्येक माणसं झगडली होती. मला रडू आलं. दुःखाचं नव्हतं ते. देवळात एकदम घंटा वाजली की होतं तसं काहीतरी झालं.

सहलीतून काय उरलं, तर हे. जहाजाचं पोट अजून डोळ्यांसमोर येतं, ज्योतही येते. पण सगळ्यांत जास्त आठवते ती पावसातून मुलाला मत द्यायला नेणारी नोरीन. पुस्तकातलं गुप्त मतदानाचं प्रकरण मी पुन्हा लिहायला घेतलं. न्यू रॉसला जाणाऱ्यांनी जहाजासाठी दोन तास ठेवावेत, आणि नाश्त्याला घाई करू नये.

त्या शनिवारी स्टेशनवरून घरी परतलो तेव्हा रेवा टोस्ट खात होती. पाकीट बंद करून ठेवलेलं. संध्याकाळी आप्पांचा व्हिडिओ कॉल आला.

"काय केलं मग पोरीनं?"

"मत दिलं, आप्पा."

"कुणाला?"

"विचारलं नाही."

"अगं, घरातल्या घरात विचारायला काय झालं?" आप्पा खरोखरच चक्रावले होते. "मी तुझ्या सासूला जन्मभर सांगत आलो, इथं शिक्का मार म्हणून. ती बरं म्हणायची, आणि मारून यायची." ते बोलता बोलता थांबले. मान वळवून मागं बघितलं. "मारायचीस ना गं?"

मागं सासूबाई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मत काय सांगायची गोष्ट असते व्हय?" त्या म्हणाल्या आणि पुढची शेंग उचलली.